टेबलावर राहिलेले कांबळे

मी मार्गिट ओल्सविक, वय एक्क्याऐंशी, लग्न न केलेली, राहणार स्कीना नदीकाठची खालची सपाटी, अल्डर बेंड गावाच्या कड्याखाली, ब्रिटिश कोलंबिया, आज माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून माझ्यामागे कशाचे काय व्हावे ते स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. तसे कोणाला कधी जमलेही नाही. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांची चौकशी करत नाही. याआधी मी कुठे काही लिहून ठेवले असल्यास ते चुलीत गेले असे समजावे.

माझे वकील श्री. पेनर म्हणाले, "बाई, कलमं थोडक्यात लिहा. मृत्युपत्रात गप्पा मारत नाहीत." मी म्हटले, "मेल्यावर कुठे मारायच्या मग?" तेव्हा त्यांनी नाद सोडला.

कलम १. व्यवसाय. श्री. पेनर यांच्या सांगण्यावरून इथे 'मानववंशशास्त्रज्ञ' असे लिहिते. शाळा दहावीला सुटली. एकोणिसाव्या वर्षी एका प्राध्यापकांच्या उन्हाळी तंबूवर मी स्वयंपाकाला लागले. ते गावातल्या मूळनिवासी म्हाताऱ्यांना प्रश्न विचारत आणि मी बटाटे सोलत ऐकत असे. म्हाताऱ्या त्यांना उत्तर देत आणि खरे उत्तर नंतर मला देत, कारण मी लहानपणापासून त्यांच्याबरोबर मासे चिरले होते. प्राध्यापक दोन उन्हाळ्यांनी गेले. मी तिथेच राहिले आणि पुढची साठ वर्षे तेच काम केले: नदीवरची कुठली मासेमारीची जागा कुठल्या घराण्याची, कुठला डोंगर कोणाचा, आणि माझ्या आजोबांसारखे गोरे वसाहतवाले आले तेव्हा कोण कोणाला काय म्हणाले. गावाच्या जमीन कचेरीत बसून मी हे सगळे मांडले. मग वरच्या शेतांवर जाऊन गोऱ्यांनाही विचारले, "तुमच्या आजोबांना ही जमीन मिळाली कशी?" "रिकामी होती," असे सगळे म्हणत. "मग नांगराला माशांच्या चुलींचे दगड कसे लागायचे?" असे मी विचारले की कॉफी संपलेली असे.

प्राध्यापकांच्या पुस्तकात माझे आभार 'आमची उत्साही स्वयंपाकीण' म्हणून मानलेले आहेत. त्यांच्या विद्यापीठाच्या संग्रहालयाला मी माझा सूपाचा मोठा डाव देते. त्यांनी तो काचेच्या कपाटात ठेवावा. राग कधीच गेला, पण डाव द्यायचाच.

कलम २. पुस्तके आणि झगा. माझ्या स्वतःच्या पुस्तकाच्या उरलेल्या प्रती माळ्यावर आहेत. चार फ्रीझरच्या पायाखाली आहेत, त्या हलवू नयेत. दुसऱ्या एका विद्यापीठाने मानाची पदवी देताना दिलेला काळा झगा लोरेटाला द्यावा. तो तसाही तिच्याकडेच असतो, मासे धुराला लावताना ती तो घालते आणि म्हणते, "विद्या अंगावर असली की कपड्यांना वास लागत नाही."

लोरेटा मॅथ्यू ही माझी बहीण. आम्ही एका आईच्या नव्हतो. पण तिची आई नोरा हिने मला गावाच्या मोठ्या हॉलमध्ये सर्वांसमोर बेडूक कुळात, आपल्या घराण्यात घेतले, तेव्हापासून आहोत. लोरेटा माझ्याहून दोन वर्षांनी लहान आणि कितीतरी पट चिवट आहे.

कलम ३. माझे नाव. हॉलमध्ये मला मिळालेल्या नावाचा अर्थ 'दोन्ही काठांवर ओली' असा होतो. मी नदीत पडले होते म्हणून ते दिले असे पोरे समजतात. नाव फार जुने आहे, माझ्याआधी बऱ्याच बायांनी वागवले. ते माझ्या मालकीचे नाही, म्हणून मी ते कोणाला देत नाही. घराण्याने ते उचलावे, झटकावे आणि बरी वाटेल त्या मुलीला घालावे.

कलम ४. घर आणि खालची सपाटी. माझ्या आजोबांची जमीन दोन तुकड्यांत वाटली गेली. वरचे गवताचे शेत भाऊ आर्न याला मिळाले, आता ते त्याचा मुलगा डेल याचे आहे. खालची सपाटी, घर, आणि जिथे नदी वळसा घेऊन मासा काठाला आणून सोडते तो डोह, हे माझ्या वाट्याला आले. तो डोह आजोबांच्या आधी नोराआईच्या घराण्याचा होता. मी सपाटी घरासकट त्या घराण्याला, त्यांच्या संस्थेच्या नावे, परत करते.

आजोबांनी लावलेल्या सफरचंदांच्या झाडांवर डेलचा हक्क राहील. लोरेटाशी बोलून हे ठरवले आहे. ती म्हणाली, "घेऊन जाऊ दे की. पण चांगली त्याने न्यायची आणि किडकी आमच्याकडे टाकायची, असं नको. सरकारचं ते करून झालंय."

इथपर्यंत सगळे सोपे आहे. अडचण अशी, की सपाटीवर यायची गाडीवाट डेलच्या शेतातून येते आणि तिच्या फाटकाला साखळी आहे. मला आणि नर्सबाईंना किल्ली आहे, गावाला नाही. गावच्या लोकांना डोहावर यायचे तर कडा उतरायचा, नाहीतर होडी. मासे पाठीवर घेऊन कडा चढणाऱ्या बायका मी तीस वर्षे खिडकीतून पाहत आहे. वाटेविना दिलेली सपाटी म्हणजे वाढलेले ताट कुलपात ठेवणे. आणि वाट माझी नाही. ती मला देता येत नाही.

कलम ५. माझे अंत्यकार्य, आणि साखळी का लागली ते. हे कलम सर्वांत लांब आहे. श्री. पेनर यांनी वाटल्यास चहा घ्यावा.

आमच्याकडे माणूस आईच्या कुळाचा असतो. तो गेला की पेटी करणे, खड्डा खणणे, उचलून नेणे हे वडिलांच्या कुळाने करायचे. आईच्या कुळाने रडायचे, आणि मग हॉलमध्ये सगळ्यांना जेवू घालून, एकेकाचे नाव पुकारून, काम करणाऱ्यांना मोबदला द्यायचा. ती मजुरी नव्हे. जो मोबदला घेतो तो साक्षीदार होतो, की गेलेल्याचे सगळे रीतीने झाले आणि त्याचे नाव, त्याची जागा कोणाकडे गेली हे याने पाहिले. त्याने घेतला नाही, तर त्या घराचे माणूस जणू अर्धेच पुरले गेले.

नोराआई गेली तेव्हा तिच्या वडिलांच्या कुळाने, म्हणजे लांडगा कुळाने, पेटीचे काम माझ्या भावाला सांगितले. वरच्या शेतात त्याची करवत गिरणी होती आणि त्याच्यासारखा रंधा कोणाचा फिरत नसे. आर्नने देवदाराची पेटी केली. एक खिळा दिसत नव्हता. जेवणाच्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. हॉलचे दार ठेंगणे, त्याचे डोके धाडकन चौकटीला लागले, पोरे हसली, तोही हसला. सगळे छान चालले होते.

मग त्याचे नाव पुकारले. लोरेटा नवेकोरे लोकरीचे कांबळे घेऊन पुढे आली. आर्नचे कान लाल झाले. तो म्हणाला, "मी शेजारी म्हणून केलं. नोराबाईंच्या पेटीचा मोबदला घेणाऱ्यातला मी नाही." त्याने कांबळे टेबलावर ठेवले, नीट घडी मोडू न देता, आणि निघून गेला. मी तेव्हा आत सूप ढवळत होते. चमच्यांचे आवाज थांबले म्हणून बाहेर आले, तर लोरेटाचे हात अजून पुढे केलेलेच होते.

त्या रात्री आर्न मला म्हणाला, "सगळ्यांसमोर मला गडी ठरवलं!" दुसऱ्या दिवशी लोरेटा म्हणाली, "सगळ्यांसमोर त्याने माझ्या आईला नाकारलं!" पुढच्या आठवड्यात पेट्रोल पंपावर गावातले कोणीतरी आर्नला काहीतरी बोलले आणि संध्याकाळी फाटकाला साखळी लागली.

दोघेही मनाने सरळ. गोऱ्यांमध्ये शेजाऱ्याच्या मयताचे काही घेणे म्हणजे हलकटपणा, गावात न घेणे म्हणजे हलकटपणा. यावर मी एका सरकारी चौकशी समितीपुढे तासभर बोलले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आर्नने माझे ऐकताना चहासुद्धा पुरा प्यायला नाही. तो गेला, साखळी राहिली.

आता माझ्याविषयी. नोराआईने मला कूळ दिले, पण वडील माझे जन्माचेच राहिले. त्यामुळे मी गेल्यावर काम कोणी करायचे हा प्रश्न घराण्यापुढे आला. लोरेटा म्हणाली, "त्यात काय विचारायचं? हिच्या बापाचं ट्रॅक्टर कूळ. त्यातला एकच शिल्लक आहे. त्यालाच बोलवायचं." सगळे हसले, पण घराण्याच्या प्रमुखांनी तेच ठरवले.

सप्टेंबरात डेल माझे धुराडे साफ करायला आला, तेव्हा मी खालून विचारले, "डेल, माझी पेटी तू करशील ना?"

"आत्या, मी छपरावर आहे. पडलो तर तूच माझी करशील."

"उतर मग."

उतरला. तोंडभर काजळी. म्हणाला, "पेटी करीन. बाबांनी ठेवलेलं देवदाराचं लाकूड आहे अजून. पण हॉलमध्ये येणार नाही. बाबा जिथून उठून आले तिथे मी जाऊन बसू?"

"बाबा उठला, कारण त्याला वाटलं मजुरी देतायत."

"मग काय देत होते?"

"विश्वास. कांबळं हातात घेतलंस म्हणजे तू पाहिलंस असं होतं. उद्या कोणी विचारलं तर तू सांगणार."

"काय पाहिलं म्हणून सांगणार?"

मला त्याला फसवायचे नव्हते, म्हणून सरळ सांगितले. "की ही सपाटी मी नोराआईच्या घराण्याला परत दिली, आणि ते तुला ठाऊक आहे."

तो काजळीचे हात धुवायला वळला. मग पाठमोराच म्हणाला, "आणि फाटक?"

"फाटक तुझं. मी मागत नाही. फक्त माझी पेटी त्या वाटेने वर ने. कड्यावरून चढवलीत तर मी सुटून नदीत जाईन."

"जाशीलच. सवय आहे तुला," तो म्हणाला आणि हसला. पण हॉलला येतो असे काही म्हणाला नाही.

लोरेटा होडीतून अर्धे वाळलेले मासे घेऊन आली तेव्हा तिला विचारले, "ते कांबळं आहे का गं अजून?"

"असणारच. आर्नचं आहे ते. दुसऱ्याची वस्तू मी अंगावर घेईन होय?"

"कसर लागली असेल."

"दर वसंतात उन्हात घालते. कसर लागेल तुझ्या पुस्तकांना." मग जाता जाता म्हणाली, "भाच्याला सांग, यायचं झालं तर दाराशी वाकून ये. तोही बापाएवढाच ताड आहे." मी निरोप पोचवला. डेल नुसता "हूं" म्हणाला.

म्हणून माझी इच्छा अशी: माझी पेटी डेलने करावी आणि गाडीवाटेने गावच्या दफनभूमीत न्यावी. हॉलमध्ये आधी आर्नचे नाव पुकारावे, मग डेलचे, आणि ते जुने कांबळे डेलला द्यावे. तो आला नाही, तर कोणी त्याच्यावर रागावू नये. लोरेटाने कांबळे पुन्हा उन्हात घालत राहावे.

कलम ६. डेलला. आर्नचे रंधे आणि पटाशा (आर्न गेल्यावर मी डेलकडून मागून आणल्या होत्या), माझी होडी, आजोबांचे भिंतीवरचे घड्याळ, आणि बचतीतून हॉलच्या जेवणाचा खर्च वजा जाता जे उरेल ते. श्री. पेनर म्हणाले, "फाटक उघडलं तरच होडी मिळेल, अशी अट घालू या का?" मी नको म्हटले. साठ वर्षे मी अटींचे कागदच वाचत आले. त्यांनी उघडलेले फाटक मी पाहिलेले नाही. त्याला हे सगळे विनाअट मिळावे, कारण दर हिवाळ्यात न सांगता माझे लाकूड तो फोडतो.

कलम ७. अंमलबजावणी. डेल आणि लोरेटा या दोघांनी मिळून. प्रत्येक कागदावर दोघांच्या सह्या लागतील. पेन एकच ठेवावे.

कलम ८. माझे आयुष्य चांगले गेले. याची विल्हेवाट लावायची गरज नाही, पण कुठेतरी लिहून असावे.

सही करायला दोन साक्षीदार लागतात आणि त्यांना मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये. म्हणून गावच्या शाळेची बस चालवणारे, लांडगा कुळातले पर्सी सॅंपेअर यांना फोन केला. ते म्हणाले, "मार्गिटबाई, तुझ्या मयताला नक्की येईन. पण या गुडघ्याने कडा उतरायला लावलास, तर आधी माझंच जेवण होईल. होडीचं तर नावच काढू नकोस." हे मी डेलला सांगितले, इतकेच की पर्सीला येता येत नाही, सही लांबणार. आणखी काही बोलले नाही. आज दुपारी अंगणात बसचा हॉर्न वाजला.

स्थळ: खालची सपाटी, स्कीना नदी
दिनांक: १७ ऑक्टोबर २०१९, गुरुवार

(सही) मार्गिट ओल्सविक
दोन्ही काठांवर ओली

साक्षीदार १: जेनेल फ्रीसन, परिचारिका. वर नमूद बाईंनी आम्हा दोघांच्या देखत, आम्ही दोघे एकत्र हजर असताना सही केली. नाडी उत्तम.

साक्षीदार २: पर्सी सॅंपेअर. सही माझ्यादेखत झाली. बाई पूर्ण शुद्धीत आहेत, माझ्या गाडी चालवण्यावर दोनदा बोलल्या. साक्षीदाराने पाहिलेले सगळे लिहावे असे त्या म्हणतात, म्हणून लिहितो. फाटक उघडे होते. साखळी खांबाला गुंडाळलेली होती आणि डेल ओल्सविक खांबाशी उभा होता. मी काच खाली केली. त्याने विचारले, "त्या हॉलचं दार अजून तेवढंच ठेंगणं आहे का?" मी म्हणालो, "तेवढंच आहे." तो म्हणाला, "बरं."