विहीणबाईंसाठी काढलेली दाढ

विहीणबाई,

हे पत्र पेटीत टाकणार नाही, म्हणून खरं लिहिते. तुमची सून, माझी नात, आज दवाखान्यात माझ्यासोबत नव्हती आली. मीच तिच्यासोबत गेले. लेकरू अजून अंगावर पितंय, तोच पुन्हा दिवस गेले. तुम्ही म्हणालात, "राहू दे, मुलगा होईल." पोर नुसती रडायची. डॉक्टरीणबाईंनी तिलाच विचारलं, "पाडायचं तुझ्याच मनात आहे ना?" ती "हो" म्हणाली, तोच तुमचा फोन! मीच उचलला. म्हटलं, "माझी दाढ काढायला आलोय." तुम्ही म्हणालात, "संध्याकाळी येते बघायला." तुम्ही तर तोंड उघडायला लावणार! मग काय, नात आत असताना शेजारच्या दातवाल्याकडून धडधाकट दाढ उपटून घेतली. नात सुखरूप झोपलीय. गाल सुजलाय, तरी हसू आवरत नाही. दार वाजलं. या, हवं तेवढं वाकून बघा!

एका दाढेनं हलकी झालेली,
तुमची विहीण