रुईला पाणी

१२ फेब्रुवारी १९५७, तंजावूर
पोहोचले एकदाची! साताऱ्याहून निघाले ती आज चौथ्या दिवशी सासरी. तिजवराला दिली म्हणून आईनं डोळे गाळले. पण या तिजवराच्या मागच्या अंगणात मोगरा, अबोली, कढीपत्ता, दोन माड आणि पाय ठेवायला जागा नाही इतक्या कुंड्या आहेत, हे तिला कुणी सांगावं! आधीच्या दोघी वर्षभरातच गेल्या, ते ठाऊक होतंच. बाळकृष्णराव पाटबंधारे खात्यात आहेत; अबोल, पण मायाळू. थोरल्या नणंदबाई, अंबाक्का, मराठीच बोलतात, फक्त हेल तमिळ. मला त्यांचं ऐकून हसू येतं, त्यांना माझं.

१५ फेब्रुवारी
सकाळभर मोगरा छाटला, आळ्यांत कावेरीचा गाळ घातला. विहिरीमागे रुईचं तोडलेलं खोड मुळांसकट फेकलेलं सापडलं. त्याला हळदीचा दोरा बांधलेला आणि तळाशी एक हिरवा डोळा. जीव असलेलं झाड माझ्यानं टाकवत नाही. मोगऱ्याशेजारी लावलं, तांब्याभर पाणी घातलं. दोरा राहू दिला, शोभतो.

२६ फेब्रुवारी
रुईला वीतभर फुटवे! मोगऱ्याच्या कळ्या मात्र गळाल्या. माझे पाय जड झालेत. ऊन बाधलं असेल. हे कालव्याच्या कामावर पापनाशमला गेलेत. बागेत गेल्याशिवाय चैन पडत नाही, आणि गेले की तिथंही थांबवत नाही.

३ मार्च
गुडघ्यांमुळे अक्का मागे येत नाहीत. आज आल्या आणि रुई बघून मटकन बसल्या. “अय्यो, हिला कोणी जगविलं?”

मग सगळं सांगितलं. तिसरी बायकोही जगायची नाही, असं जोशीबुवांनी पत्रिकेवरून सांगितलं होतं. म्हणून माझ्याआधी यांचं लग्न रुईशी लावलं. तो दोरा तिचं मंगळसूत्र. तिसरी ती, चौथी मी. मग तिसरीचं मरण तिलाच यावं म्हणून तिला तोडून टाकली. मला सांगायची यांना लाज वाटली.

आणि मी तिला रोज पाणी घातलं. आधी हसले. मग भयंकर राग आला. आता नुसती भीती वाटते.

५ मार्च
ज्यानं दोरा बांधला त्यानंच झाड तोडायचं, असं अक्का म्हणतात. शेजारचे कृष्णस्वामी पापनाशमला निघाले होते, त्यांच्याबरोबर यांना निरोप धाडला. लवकर या म्हणून मीही दोनदा बजावलं. रुईला फुलं आली आहेत.

७ मार्च
धीर निघेना. आज मीच एक पान खुडलं. करंगळी बधिर झाली. योगायोग म्हटलं. दुसरं खुडलं — तिच्याजवळचं बोट. टाचणी टोचून पाहिली. रक्त नाही आलं. पांढरा चीक.

म्हणजे तिला तोडलं तर मी — निरोप परत बोलवायला हवा. आजच.

८ मार्च
आवाज गेला. पाय जमिनीवरून उचलत नाहीत. पानभर लिहून वही अक्कांपुढे धरली. बोलतात मराठी, वाचता येतं फक्त तमिळ; यांचंही तेच. स्तोत्र समजून त्यांनी वही डोळ्यांना लावली.

९ मार्च, सकाळ
हे आले. कॉफीही न घेता कोयता मागितला. माझ्या डोक्यावरून हात फिरवला, म्हणाले, घाबरू नकोस, आता तुला काही होऊ देणार नाही. मी मान हलवत राहिले. त्यांना वाटलं, थंडी वाजतेय. शाल घातली. सदरा धरायला गेले तर बोटं मिटेनात —

खिडकीतून दिसतात. पहिला घाव फांदीवर. डावा हात — खांद्यापासून —

वळून हसले. मला बरं वाटतंय का, बघतात —

खाली वाकले. बुंध्याशी —