चकतीतलं हसू

सोमवार, ३ मार्च
सांगते तेवढंच लिहायचं, मध्ये खिदळायचं नाही — हे पहिलं वाक्य नातीसाठी. मी बोलते, ती लिहिते. मला अक्षरओळख नाही. पण रोज शेवटी वाचून दाखवायला लावते, आणि पदरचं घातलं की तिचा आवाज पातळ होतो. लगेच पकडते!

नणंदबाई महिनाअखेरीला मुलाकडे निघाल्या. कायमच्या. मला हे ह्यांच्याकडून कळलं, कारण माझ्याशी त्यांचा अबोला. नात बालवाडीत होती तेव्हापासून! घरी येतात, भावाशी गप्पा मारतात, माझ्या हातचा चहा पितात आणि "साखर कमी आहे" हे भावाला सांगतात. त्याआधी आम्ही रोज संध्याकाळी फिरायला जायचो. अख्ख्या गल्लीची उणीदुणी काढल्याशिवाय परतायचो नाही.

भांडण एका हसण्यावरून. नणंदबाई आणि हे दोघंही ज्या गायनमंडळात, त्याचा कार्यक्रम होता. नणंदबाई एकट्या गायला पुढे झाल्या, वरच्या सुरावर आवाज फाटला, आणि कुणीतरी फिस्सकन हसलं. मी समोर पहिल्या रांगेत. "वहिनी, तुम्ही हसलात." नाही हो! पण जन्मभर ज्याची त्याची थट्टा केलेली. माझ्या शपथेला कोण विचारतं?

गुरुवार, ६ मार्च
त्या कार्यक्रमाची चकती, म्हणजे डीव्हीडी, कपाटात सापडली. टीव्हीवर कितीदा लावली होती — सगळा आवाज एकत्र, हसणारा कोण, कळायला मार्ग नाही.

नात म्हणाली, "आजी, ह्यात आवाज सहा वाटांनी भरलाय. समोरचे तीन, मागचे दोन, आणि एक नुसता धडधडायला. टीव्ही सगळ्यांची खिचडी करतो. मी सुटे करून देते."
"खर्च?"
"काही नाही. सॉफ्टवेअर फुकट आहेत."
फुकट ते पौष्टिक. कर म्हटलं.

मागचे दोन म्हणजे प्रेक्षकांचे. हसणारा त्यातच सापडणार. माझा संशय सांगू? माझ्या शेजारी बसलेली शिंपीणबाई. तिचं तोंडच तसं.

शनिवार, ८ मार्च
चकती मऊ फडक्याने पुसली. तरी कॉम्प्युटर घरघरत बसला, दम्याच्या माणसासारखा. एका सॉफ्टवेअरने आतलं सगळं उचललं, दुसऱ्याने चित्र बाजूला सारून आवाज काढला. नातीने मोठ्या ऐटीत उघडून बघितलं — दोनच वाटा!
"बाकीच्या चार कुठे सांडल्यास?"
"अगं, त्याने आपणहून सहाच्या दोन केल्या."
घ्या! न सांगता शहाणपणा करणारं माणूस घरात एक होतंच, आता यंत्रही. नात रुसली. मी तिची समजूत काढली नाही, रुसल्यावर ती कामाला जोरात लागते.

मंगळवार, ११ मार्च
जमलं! कसली तरी खूण काढून टाकायची राहिली होती. ती काढली आणि सहाही वाटा एकीखाली एक, पडद्यावर सुरवंटांसारख्या.

आधी मागची डावी. खोकला, खुर्चीची करकर, कुणाचं तरी तान्हं. मागची उजवी — तेच, थोडं लांबून. आवाज फाटतो त्या क्षणी हसू नाहीच! उलट एक बाई मोठ्यांदा म्हणते, "वा!" ती मी. नणंदबाईंना धीर द्यायला ओरडले होते. शिंपीणबाईची मनातल्या मनात माफी मागितली.

मग समोरची उजवी लावली. तिथे मंचावरची पुरुषांची ओळ. फिस्स! आणि हसून झाल्यावर नाकातून बारीक शिट्टी.

नात माझ्याकडे बघते, मी नातीकडे. ती शिट्टी ह्या घरात रोज वाजते.

बुधवार, १२ मार्च
ह्यांना ऐकवलं. ह्यांच्या कानातलं यंत्र नेमकं तेव्हाच बंद पडलं! मी ते काढून पुसलं, परत लावलं, परत ऐकवलं. "वय झालं गं, आठवत नाही काही."
मी अबोला सोसत होते तेव्हा आठवत होतं का? त्यावर म्हणाले, "तुम्हा बायकांच्या भांडणात मी कशाला पडू?"
आज चहात साखर घातली नाही. कमी नाही, अजिबात नाही.

शुक्रवार, २८ मार्च
रोज उद्या जाऊ, उद्या जाऊ करते. नात म्हणते, "आजी, पुरावा आहे ना हातात? मग घाबरतेस कशाला?" घाबरतंय कोण! गुडघा दुखतोय. रविवारी त्यांची गाडी आहे. उद्या जायलाच हवं.

शनिवार, २९ मार्च
खोकी बांधून झाली होती. नातीने त्यांच्या कानांवर ते हेडफोन चढवले. नणंदबाईंनी सगळं ऐकलं, हेडफोन काढून मांडीवर ठेवले आणि इतक्या वर्षांनी माझ्याशी बोलल्या.

"वहिनी, दादा हसला ते मला तेव्हाच कळलं होतं. माझ्या मागेच तर उभा होता. पण भावाशी अबोला धरला असता तर माझं माहेर तुटलं असतं. तुमच्याशी धरला. तुम्ही कुठे जाणार होतात?"