नसबंदीचं उद्यापन

५ जाने.
डॉक्टरीणबाईंनी आज स्पष्टच सांगितलं. दोन्ही खेपेला सीझर, अंगात रक्त नाही. तिसरं राहिलं तर जिवावर बेतेल. माझ्या पोटाला परत सुरी लावायला बी त्या तयार नाहीत. यांच्याकडं बघून म्हणाल्या, "सर, तुमचं दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. टाका पण नाही." हे शाळेत विज्ञान शिकवतात, तरी घामाघूम. रिक्षात हळूच मला विचारतात, "आवाज बारीक होत असंल का गं?"

७ जाने.
हे एकटेच जाऊन शंका विचारून आले. वहीत लिहून आणलं. दोन नळ्या बंद करतात, बाकी सगळं जिथल्या तिथं. ताकद जात नाही. आवाज जात नाही. पण कायमचं. पुढं परत जोडायचं म्हटलं तर जमंलच असं नाही. म्हणजे आपल्या दोघी मुली, बस. 'कायमचं'च्या खाली यांनी दोन रेघा मारल्यात. मग म्हणाले, "तू राहिलीस म्हणजे झालं."
देवापुढं तुपाचा दिवा लावला. रोज तेलाचाच असतो.

९ जाने.
आत्याबाई (यांच्या आई) उमरीला नणंदेकडं गेल्यात, तेवढ्यात यांचं ऑपरेशन उरकलं. त्यांना नातू पाहिजे. कळलं तर घर डोक्यावर घेतील.
हे घरी आले ते डोक्यावर भरली घागर असल्यासारखे. आठ दिवस वजन उचलायचं नाही म्हणे. पाण्याचा तांब्या बी उचलेनात. "वजन हाय ना त्यात!"

११ जाने.
मुख्य गोष्ट लिहायची राहिली. गुण लगेच येत नाही. तीन महिने सांभाळायचं, मग तपासणी. शून्य आलं तरच निर्धास्त. दवाखान्यातून पाकिटं दिलीत तोवर वापरायला. पण पाकिटावर माझा भरोसा नाही, धाकटी तशीच झाली. यांचं अंथरूण बाहेरच्या खोलीत टाकलं.
"ऑपरेशन करून बी बाहेरच?"
"तीन महिने."

१६ जाने.
आत्याबाई आल्या. आल्या आल्या अंथरूण दिसलं. "भांडलात काय गं?" मी काही बोलायच्या आत हे घाबरून बोलून गेले, "व्रत धरलंय आई. तीन महिन्यांचं."
आत्याबाईंनी हातच जोडले. "नातवासाठी ना रे बाबा?"
यांनी मान हलवली. हो म्हणून का नाही म्हणून, देव जाणे.

१८ जाने.
हळदीकुंकू. आत्याबाईंनी सगळ्या गल्लीला सांगून टाकलं. शेजारच्या सुलोचनाबाई म्हणतात, "नशीब काढलं बाई! आमच्याकडं नुसता उपास म्हटलं की आधी साबुदाण्याची चौकशी." दोघी-तिघी तर यांच्या पाया पडल्या. हे अजून जपूनच उठतात, पळता येईना. तर म्हणे, बघा, व्रतानं किती खंगलेत!
माझी पाच फळांनी ओटी भरली. "पुढच्या संक्रांतीला मांडीवर किसन." वाकून नमस्कार केला अन् मनात देवीची माफी मागितली.

२२ जाने., गुरुवार
देवाच्या नावावर खोटं नको. बोललेत तर आता खरंच करायचं. दर गुरुवारी उपास, मटण बंद.
हे म्हणाले, "कापलं मलाच, अन् उपास बी मलाच?"
म्हटलं, दोन खेपेला मला कापलं, तेव्हा पथ्य कोणी केलं?
ताटावर येऊन बसले. भगर वाढली.

१९ मार्च, पाडवा
हे कॅलेंडरवर फुल्या मारून राहिलेत. आत्याबाईंना वाटतं जपाचा हिशेब आहे. शेजारणींना नेऊन दाखवतात.

१० एप्रिल
शून्य! हे कागद घेऊन असे आले जसा बोर्डात नंबर लागला. भर दुपारीच अंथरूण गुंडाळायला लागले. आत्याबाईंनी बघितलं. "संपलं का व्रत? मग गुरुवारी उद्यापन करू. मी पाच जोडपी सांगते." चप्पल घालून निघाल्या पण.


१६ एप्रिल, सकाळ
काल आत्याबाईंना सांगून टाकलं. पुरणाचं जेवू घालून पाच जोडप्यांकडून मुलाचा आशीर्वाद घ्यायचा, मला जमेना. सगळं सांगितलं. कायमचं आहे, ते पण.
आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या. हे मध्ये बोलायला गेले तर, "तू गप." मग मला विचारलं, "दुखलं का त्याला?"
मुंगी चावल्याएवढं, म्हटलं.
"अन् तुझं दोनदा पोट फाडलं. दुसरी बी पोरगी झाली म्हणून मी दवाखान्यात आले न्हाई."
एवढंच. उठून निजायला गेल्या.
आज आंघोळ करून न सांगताच देवळात गेल्या. दोन तास झाले. हे तीनदा कोपऱ्यापर्यंत जाऊन आले. जोडपी अकराला येतील, त्यांना नको म्हणून कळवलेलं नाही. पाच जोडप्यांची डाळ भिजून फुगलीय. शिजत टाकू का नको?