पाठमोरं बोलणं

छत्रीबाग, इंदूर
दि. ७-२-९३

ती. सुनंदाताईंस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचे भाऊराया काल पिशवी घेऊन हातोदला निघाले, ते पोचले असतीलच. भाजीत मीठ कमी पडलं तर नाक मुरडतील, मनावर घेऊ नका.

मिल बंद होऊन वर्ष झालं. वीस वर्षं माझी सकाळची शाळा आणि यांची दुसरी पाळी, त्यामुळे गाठ पडायची ती रविवारी. आता दिवसभर दोघं घरात, तर शब्द नाही. ओट्याजवळून काही विचारलं की हूं नाही की चूं नाही. मग माझं डोकं फिरतं आणि समोर जाऊन वाट्टेल ते बोलते. परवा म्हटलं, असे नुसते बसण्यापेक्षा घरात नसलात तरी चालेल. त्यावरच गेले. चुकलंच माझं, पण माणसाने एका शब्दाने तरी उत्तर द्यावं ना.

भावाची बाजू घ्या, पण माझ्यावरची माया कमी करू नका.
तुमची,
भानुमती

हातोद
दि. १२-२-९३

चि. सौ. भानुमतीस अनेक आशीर्वाद.

रघू सुखरूप आहे. काल तो अंगणात पाठमोरा बसला होता. मी तीन हाका मारल्या, मागे परात आपटली, तरी वळला नाही. समोर गेले तर लगेच म्हणाला, क्या हुआ ताई. भानू, त्याला ऐकू येत नाही. मिलमधल्या कापड विणायच्या साच्यांच्या खडखडाटात कान कधीच गेले. तिथे सगळे एकमेकांच्या ओठांवरूनच बोलणं ओळखत, म्हणून निभलं. तुला सांगू नको म्हणून हात जोडले. नोकरी गेली, त्यात हा ऐब कशाला दाखवू, म्हणाला.

पुढचं ऐकून मी रडले. म्हणाला, ती फक्त भांडायला समोर येते, बाकी दिनभर कुछ बोलतच नाही.

लवकर येऊन त्याला घेऊन जा. तुझ्यावर रागावलेली नाही, हे ध्यानात ठेव.
तुझी,
सुनंदाताई

छत्रीबाग, इंदूर
दि. २-३-९३

ती. ताईंस,
शि. सा. न. वि. वि.

यांना घरी आणून पंधरा दिवस झाले. तब्येत ठीक आहे.

मिलचं फाटक बंद झालं त्या दिवशी पोळ्या लाटता लाटता मी म्हटलं होतं, माझा पगार आहे, घोर लावून घेऊ नका, मला तुम्ही घरात हवे आहात. उत्तर आलं नाही म्हणून मी वर्षभर रुसले. यांच्यापर्यंत ते पोचलंच नव्हतं. पोचलं ते सगळं रागाचं.

तेच कागदावर लिहून दिलं. वाचून घडी घातली आणि म्हणाले, ताईने लिहायला लावलं असेल.

म्हणून रोज स्टूल ओढून यांच्यापुढे बसते. पण ताई, मी समोर बसले की हे डोळे मिटून घेतात. म्हणतात, बोल, काय बोलायचं ते बोलून घे.

आशीर्वाद असू द्या, त्याची फार गरज आहे.
तुमची,
भानुमती