ओढ्यापासून ढकलत

औसा, श्रावण वद्य पंचमी, शके १८७०

सौ. उमादेवीस सिद्धरामाचे आशीर्वाद. मी खुशाल आहे. आईचा गुडघा कसा आहे?

देवी टोचायच्या कामाला तट्टू जाऊन सरकारी फटफटी आली. मुरुडला दुपारच्या आत जाऊन येतो. पाठीला लई आराम आहे. पडलो-बिडलो नाही.

फक्त गावात पोरं सापडत नाहीत. गावं लुटणारे बंदूकवाले रझाकारही मोटारी-फटफट्यांवरच येतात, म्हणून आवाज ऐकला की सगळं गाव ज्वारीत पळतं. परवा एका घरात तव्यावर भाकर जळत होती. पळता न आलेली म्हातारी हात जोडून म्हणाली, "घरात कुनी न्हाई, बाबा." मी देवी टोचणारा हाय, असं सांगितलं, तरी तिचे हात खाली आले नाहीत.

आता अर्ध्या कोसावर इंजिन बंद करतो अन् गाडी ढकलत गावात जातो.

पोळ्याला मुखेडला येईन, तेव्हाही ओढ्यापासून ढकलतच येईन. ध्यानात ठेव, दारापर्यंत आवाज आला तर तो मी नाही. आईला घेऊन मागल्या दारानं ज्वारीत जा.

तिला आतापासून रोज थोडं चालवत जा.

तुझा,
सिद्धराम