गोवर्धनला उत्क्रांती शिकवणे

१३ जानेवारी १९६३, अकोला
मेहुण्याकडे रोडग्यांचं जेवण. भर पंगतीत गोवर्धनने विचारलं, भाऊजी, एक पाट पुरतो की दोन लावू? सगळे हसले. त्याची बहीण, म्हणजे माझी बायको चारुशीलासुद्धा. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो आणि हा काडीसारखा वकील मला हसतो. सूड घेणार. शास्त्रीय सूड.

१६ जानेवारी, अमरावती
लायब्ररीत हत्यार सापडलं. माणूस हजारो वर्षं अर्धपोटी जगला. मिळेल तेव्हा खाऊन ज्यांनी अंगात चरबी साठवली, तेच दुष्काळातून वाचले. म्हणजे माझं पोट हा विजय आहे. गोवर्धनचे पूर्वज टिकले कसे, हेच कोडं. जेवताना तूप जरा जास्त घेतलं.

२ फेब्रुवारी
जाहीर व्याख्यान ठरलं. गोवर्धनला पहिल्या रांगेत बसवणार आणि नमुना म्हणून दाखवणार. चारुशीला म्हणते, तुम्हाला तहान फार लागते, डॉक्टरांना दाखवा. विजयी माणसाला डॉक्टर कशाला?

१७ फेब्रुवारी
हॉल भरलेला. फार छान बोललो. गोवर्धनकडे बोट दाखवून सांगितलं, असली शरीरं पहिल्याच दुष्काळात संपायची. टाळ्या. मग तो उठला. आवाज शांत.
"भाऊजी, सारं पटलं मले. पण तुमचं शरीर ज्या दुष्काळाची वाट पाहून राहिलं, तो आलाच नाही तर?"
या वेळी कोणी हसलं नाही. उत्तर माझ्याकडे होतं. घसा कोरडा पडला म्हणून सांगता आलं नाही. तांब्याभर पाणी प्यालो आणि स्टेजवरच घेरी आली. सावरायला गोवर्धनच धावला. लोकांसमोर मोठेपणा मिरवायची संधी सोडेल तो वकील कसला!

२४ फेब्रुवारी, अकोला
लघवीत साखर निघाली. भात, गूळ, बटाटा बंद. रोज चालायचं. गोवर्धनच्या ओळखीचा डॉक्टर, म्हणून मुक्काम त्याच्याकडेच. व्याख्यानाबद्दल तो अवाक्षर काढत नाही. यात डाव आहे. उद्या फिरायला सोबत येतो म्हणाला. येऊ दे. असा चालेन की धापा टाकत मागे राहील.

२५ फेब्रुवारी, सकाळ
कोपऱ्यापर्यंत पुढे होतो. मग दम लागला. गोवर्धन म्हणाला, थांबा भाऊजी, चपलेचा अंगठा तुटला. खाली वाकून बराच वेळ खुडबुडत बसला. चप्पल धड होती. मला दिसत होती.
पुढे तो हळूहळू चालला, माझ्यासाठी. मला कळलंय, हे त्याला कळू दिलं नाही.
एवढाच सूड जमला.